काचेच्या प्याल्याचा कॅलरीमापी : यंत्र चोख, पुस्तिका कच्ची

रासायनिक अभिक्रियेत बाहेर पडणारी किंवा शोषली जाणारी उष्णता मोजण्यासाठी विद्यार्थ्यांकरिता बनवलेला एक कॅलरीमापी संच मी संपूर्ण सत्रभर वापरला. उदासिनीकरण (आम्ल आणि अल्क यांची अभिक्रिया), क्षार विरघळणे आणि धातूंचे विस्थापन (एका धातूने दुसऱ्याला द्रावणातून बाहेर काढणे) अशा प्रयोगांसाठी तो विद्यार्थ्यांच्या हाती दिला आणि प्रत्येक प्रयोग आधी स्वतः करून पाहिला. त्यातून माझे मत असे बनले आहे की यंत्र म्हणून हा संच विश्वासाला पात्र आहे, मात्र त्यासोबतची पुस्तिका जशीच्या तशी वापरू नये. पुस्तिकेतील आकडेमोड चुकीची असूनही उत्तर बरोबर येते, आणि हीच मला सर्वांत गंभीर बाब वाटते. त्यामुळे पुढील बहुतेक मजकूर त्याच विषयावर आहे.

प्रथम बांधणीविषयी. संचात सुमारे अडीचशे मिलिलिटर मापाचा काचेचा प्याला, तो घट्ट बसेल असे फोमचे अस्तर असलेले प्लॅस्टिकचे बाह्य भांडे, दोन छिद्रांचे झाकण, ढवळण्यासाठी काचेची कडी आणि ०.१ अंशापर्यंत आकडे दाखवणारा डिजिटल तापमापी आहे. आतील प्याला काचेचा ठेवला, हा निर्मात्याचा सर्वांत शहाणपणाचा निर्णय होय. पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत वर्षानुवर्षे चालत आलेला ॲल्युमिनिअमचा कॅलरीमापी पाण्यासाठी उत्तम असला, तरी रसायनशास्त्रात तो निरुपयोगी ठरतो. सोडिअम हायड्रॉक्साइड त्याला खाते, हायड्रोक्लोरिक आम्लही खाते, आणि मोरचुदाच्या, म्हणजे कॉपर सल्फेटच्या, द्रावणात त्याच्यावर तांबे बसू लागते. अशा वेळी आपण मोजतो ती उष्णता अभिक्रियेची किती आणि भांडे झिजल्याची किती, हे सांगता येत नाही. काच या तिन्ही पदार्थांपुढे तटस्थ राहते. तिला एक किंमत मात्र मोजावी लागते: काचेचा जाड प्याला स्वतः बरीच उष्णता घेतो. पुस्तिका नेमक्या याच गोष्टीविषयी काही बोलत नाही.

या प्रयोगांमागचे सूत्र सर्वांच्या परिचयाचे आहे. द्रावणाचे वस्तुमान, त्याची विशिष्ट उष्माधारकता (एक ग्रॅम पदार्थ एक अंशाने तापवण्यास लागणारी उष्णता) आणि तापमानातील फरक यांचा गुणाकार केला की द्रावणाने घेतलेली किंवा गमावलेली उष्णता मिळते. पाण्यासाठी विशिष्ट उष्माधारकता प्रतिग्रॅम प्रतिअंश सेल्सिअस ४.१८ ज्यूल इतकी धरतात. या उष्णतेला अभिक्रियेत भाग घेतलेल्या पदार्थाच्या मोल-संख्येने (मोल हे रसायनशास्त्रात पदार्थाचे प्रमाण मोजण्याचे एकक) भागले की प्रतिमोल किलोज्यूलमधील उत्तर हाती येते. मात्र अभिक्रियेतून निघालेली उष्णता केवळ द्रावणात राहत नाही. प्याला, ढवळणीची कडी आणि तापमापीचा बुडालेला भाग हेही द्रावणाबरोबर तापतात. तेव्हा तापमान एक अंशाने वाढताना हे सर्व मिळून किती उष्णता घेतात, तो आकडा म्हणजेच कॅलरीमापीची उष्माधारकता, आधी माहीत असावी लागते.

ती मी अशी काढली. प्याल्यात २५.० अंशांचे १०० ग्रॅम पाणी ठेवून त्यात ६५.० अंशांचे १०० ग्रॅम पाणी ओतले, झाकण लावून ढवळले आणि तापमान ४३.८ अंशांवर स्थिरावलेले पाहिले. प्याल्याने काहीच घेतले नसते तर ते ४५.० अंश आले असते. गरम पाणी २१.२ अंशांनी उतरले, म्हणजे त्याने सुमारे ८८६२ ज्यूल गमावले. थंड पाणी १८.८ अंशांनी चढले, म्हणजे त्याने ७८५८ ज्यूल घेतले. उरलेले सुमारे १००३ ज्यूल प्याल्याने घेतले. प्यालाही थंड पाण्याइतकाच तापला असल्यामुळे या आकड्याला १८.८ ने भागायचे, म्हणजे प्रतिअंश सुमारे ५३ ज्यूल मिळतात. दुसऱ्या शब्दांत सांगायचे तर हा प्याला जवळजवळ १३ ग्रॅम पाण्याइतकी उष्णता घेतो. जुन्या पुस्तकांत यालाच जलतुल्यांक म्हणत. हाच प्रयोग ५० ग्रॅम थंड आणि ५० ग्रॅम गरम पाणी घेऊन केला, तेव्हा अंतिम तापमान ४३.१ अंश आणि उष्माधारकता सुमारे ४४ ज्यूल आली. प्याला अर्धाच भरलेला असताना काचेचा वरचा भाग फारसा तापत नाही, हे लक्षात घेतले तर हा फरक अपेक्षितच आहे. म्हणून पुढील प्रयोगांत २०० मिलिलिटर द्रावणासाठी ५३ आणि १०० मिलिलिटरसाठी ४४ हे आकडे मी वापरले आहेत.

येथे तापमापीची मर्यादाही कळते. वरील प्रयोगात अंतिम तापमान ४३.८ ऐवजी ४३.९ वाचले, तर ५३ चे ४९ होतात. एका दशांशाने एवढा फरक पडत असल्यामुळे गरम पाणी कोमट घेऊन चालत नाही आणि एकाच वाचनावर विसंबता येत नाही. उष्माधारकतेचे प्रत्येक मापन मी पाच वेळा करून सरासरी घेतली. तापमापी स्थिर होण्यास सुमारे दहा सेकंद घेतो. शिवाय झाकणाचे छिद्र थोडे कडेला असल्यामुळे त्याची दांडी काचेला टेकते आणि द्रावणाऐवजी काचेचे तापमान दाखवू लागते. रबराची लहान चकती घालून मी दांडी मध्यभागी आणली. हे काम निर्मात्यानेच करायला हवे होते. तापमापी खऱ्या तापमानापेक्षा अर्धा अंश अधिक दाखवत असला तरी बिघडत नाही, कारण आपल्याला फरक हवा असतो आणि वजाबाकीत ती चूक निघून जाते. मात्र एका द्रावणाला एक आणि दुसऱ्याला दुसरा तापमापी लावला, तर ही सोय राहत नाही.

आता उदासिनीकरण. एक मोलर, म्हणजे लिटरमागे एक मोल असलेले, हायड्रोक्लोरिक आम्ल १०० मिलिलिटर प्याल्यात घेतले, त्याचे तापमान २७.४ अंश होते. एक मोलर सोडिअम हायड्रॉक्साइडचे १०० मिलिलिटर द्रावण शेजारच्या चंचुपात्रात होते, त्याचे तापमान २८.० अंश. ते एकदम ओतून झाकण लावले आणि ढवळत राहिलो. अर्ध्या मिनिटात तापमान ३३.९ अंशांवर पोहोचले. पुस्तिका सांगते की आम्लाचे तापमान हेच सुरुवातीचे तापमान धरावे. तसे केले तर वाढ ६.५ अंश येते, २०० ग्रॅम द्रावणासाठी उष्णता ५४३४ ज्यूल होते आणि ०.१ मोल पाणी तयार झाले असल्यामुळे उत्तर प्रतिमोल ५४.३ किलोज्यूल येते. तीव्र आम्ल आणि तीव्र अल्क यांच्या विरल द्रावणांसाठी २५ अंशांना ही उष्णता सुमारे ५६ किलोज्यूल असते. विद्यार्थी समाधानाने वही मिटतो, शिक्षकही बरोबरची खूण करतो.

या गणितात दोन चुका आहेत. द्रावणांची सुरुवातीची तापमाने वेगळी असताना त्यांची सरासरी, म्हणजे २७.७ अंश, घ्यायला हवी. द्रावणाची खरी वाढ ६.२ अंशच आहे. तेवढी एकच चूक सुधारली, तर उष्णता ५१८३ ज्यूल आणि उत्तर ५१.८ किलोज्यूल येते, म्हणजे आधीपेक्षा वाईट. मग प्याल्याचा वाटा मिळवायचा. प्याला आम्लाबरोबर २७.४ अंशांवर होता, म्हणून तो ६.५ अंशांनी तापला आणि त्याने ५३ गुणिले ६.५, म्हणजे सुमारे ३४५ ज्यूल घेतले. दोन्हींची बेरीज ५५२८ ज्यूल, आणि उत्तर ५५.३ किलोज्यूल. प्याल्याचा वाटा वगळल्यामुळे आलेली तूट पुस्तिकेने तापमानाच्या चुकीतून भरून काढली होती. त्या दिवशी आम्ल थंड आणि अल्क किंचित उबदार होते म्हणून ती भरून निघाली. उलट असते तर उत्तर पन्नासच्याही खाली गेले असते. एका विद्यार्थिनीचे तसेच गेले होते, आणि आपलेच मापन चुकले असे समजून तिने तापमानाचा आकडा खोडून नवा लिहिला होता. तिचे वाचन अचूक होते. पुस्तिकेने तिला खोटे पाडले, याचे मला आजही वाईट वाटते.

नवसागराच्या प्रयोगातही हाच प्रकार अधिक सूक्ष्म रूपात दिसतो. नवसागर, म्हणजे अमोनिअम क्लोराइड, पाण्यात विरघळताना उष्णता शोषतो. १०० ग्रॅम पाण्यात ०.२ मोल, म्हणजे १०.७ ग्रॅम, नवसागर घातल्यावर तापमान ६.२ अंशांनी उतरले. बाहेरून हात लावला असता प्याल्याचा गारवा स्पष्ट जाणवतो. पुस्तिका द्रावणाचे संपूर्ण वस्तुमान ११०.७ ग्रॅम घेते, त्याला पाण्याची ४.१८ ही विशिष्ट उष्माधारकता लावते, प्याला सोडून देते आणि प्रतिमोल १४.३ किलोज्यूल हे उत्तर मिळवते. स्वीकृत मूल्य सुमारे १४.८ आहे. माझ्या पद्धतीनेही उत्तर १४.३ च येते, मात्र वेगळ्या वाटेने. क्षार विरघळल्यावर द्रावणाचे वस्तुमान वाढते, पण त्याची विशिष्ट उष्माधारकता पाण्यापेक्षा कमी होते, आणि या दोन्हींचा परिणाम असा की संपूर्ण द्रावणाची उष्माधारकता मूळ पाण्याच्या जवळपासच राहते. म्हणून १०० ग्रॅम पाण्याचे ४१८ ज्यूल घ्यावेत आणि त्यात प्याल्याचे ४४ मिळवावेत. बेरीज ४६२ होते. पुस्तिकेचा गुणाकारही ४६३ च्या आसपास येतो, कारण द्रावणाच्या वस्तुमानाला पाण्याची उष्माधारकता लावल्याने जो आकडा फुगला, तो नेमका प्याल्याच्या वाट्याएवढा होता. हा योगायोग आहे की नाही, हे पाहण्याचा मार्ग सोपा आहे: प्रमाण बदलावे. नवसागर निम्मा, म्हणजे ५.३५ ग्रॅम घेऊन प्रयोग तीनदा केला, तेव्हा तापमान सरासरी ३.१ अंशांनी उतरले. पुस्तिकेच्या रीतीने उत्तर १३.७ आले आणि माझ्या रीतीने पुन्हा १४.३. ज्या गणिताचे उत्तर पदार्थ कमी-जास्त केल्याने सरकते, ते गणित पदार्थाविषयी काही सांगत नाही.

याच पानावर चिन्हांचाही घोळ आहे. अंतिम तापमानातून सुरुवातीचे तापमान वजा केले की नवसागरासाठी आकडा ऋण येतो. पण तो ऋण आकडा पाण्याचा असतो, कारण उष्णता पाण्याने गमावलेली असते. तीच उष्णता विरघळण्याच्या क्रियेने घेतली, म्हणून क्रियेसाठी चिन्ह धन होते आणि ती उष्माग्राही ठरते. पुस्तिका पाण्याचे चिन्ह थेट अभिक्रियेला चिकटवते. परिणामी तिच्या तक्त्यात नवसागरापुढे ऋण आणि उदासिनीकरणापुढे धन चिन्ह छापलेले आहे, म्हणजे उष्माग्राही आणि उष्मादायी यांची अदलाबदल झालेली आहे. पुढील मुद्रणात बाकी काही सुधारले नाही, तरी हे पान सुधारायलाच हवे.

जस्त आणि मोरचूद यांचा प्रयोग मात्र या संचावर पाहण्यासारखा होतो. पाच ग्रॅम मोरचुदाचे १०० मिलिलिटर द्रावण केले की त्यात ०.०२ मोल कॉपर सल्फेट येते. त्यात सुमारे तीन ग्रॅम जस्ताची पूड, म्हणजे गरजेपेक्षा अधिक, घातली जाते. द्रावणाचा निळा रंग फिकट होत जातो आणि तळाशी तांबूस गाळ साचतो. जस्त जादा असल्यामुळे भागाकार कॉपर सल्फेटच्या मोल-संख्येने करायचा, हे पुस्तिकेने अगदी नेमके सांगितले आहे. ही अभिक्रिया उदासिनीकरणासारखी क्षणात आटपत नाही. मी दर अर्ध्या मिनिटाला नोंद घेतली. तिसऱ्या मिनिटाला जस्त घातले आणि साडेसहाव्या मिनिटाला तापमान सर्वाधिक, म्हणजे ८.८ अंशांनी वाढलेले होते. पुस्तिका याच आकड्यावर थांबते. प्याल्याचा वाटा धरूनही त्यावरून प्रतिमोल सुमारे २०३ किलोज्यूल मिळतात, तर खरे मूल्य सुमारे २१८ आहे. तूट कुठे गेली, हे नंतरच्या नोंदी सांगतात: सर्वोच्च बिंदूनंतर तापमान दर मिनिटाला सुमारे ०.१५ अंशाने उतरत होते. म्हणजेच तापमान चढत असतानाही उष्णता बाहेर जातच होती. उतरत्या नोंदींची सरळ रेषा आलेखावर मागे तिसऱ्या मिनिटापर्यंत वाढवली, तर ती ९.३ अंशांवर जाऊन भिडते, आणि उत्तर सुमारे २१५ किलोज्यूल होते. पट्टी आणि पेन्सिल यांच्या साहाय्याने बारा किलोज्यूल परत मिळतात. हा आलेख काढताना विद्यार्थ्यांच्या चेहऱ्यावर जे कुतूहल दिसते, त्यासाठी एक पूर्ण तास खर्च करावा असे मला वाटते.

याच उताराच्या वेगावरून फोमच्या अस्तराची पारखही होते. ते समाधानकारक आहे, उत्तम नाही. बाहेरच्या उष्णतेला आत आणि आतल्या उष्णतेला बाहेर जाऊ न देणे ही कॅलरीमापीची जुनीच अडचण आहे. लव्हाझिए आणि लाप्लास या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १७८२-८३ च्या हिवाळ्यात बर्फाचा कॅलरीमापी वापरला, तेव्हा वितळलेले पाणी तोलून ते उष्णता मोजत, आणि आतल्या बर्फाभोवती बर्फाचेच आणखी एक आवरण ठेवून बाहेरची उष्णता अडवत. आजच्या संचात बर्फाच्या जागी फोम आहे, एवढाच फरक.

झाकण हवाबंद नाही, अशी तक्रार एका सहकाऱ्याने केली होती. मला ती मान्य नाही. झाकण सैल असल्यामुळे आतील दाब बाहेरच्या हवेइतकाच राहतो, आणि स्थिर दाबाला मोजलेली उष्णता म्हणजेच अभिक्रियेतील एन्थाल्पीचा, म्हणजे कोष्टकांत दिलेल्या उष्णताआशयाचा, बदल असतो. शिवाय मॅग्नेशिअम आणि आम्ल यांच्या प्रयोगात हायड्रोजन निघून जाण्यास वाट हवीच, आणि त्या वेळी जवळपास ज्योत असता कामा नये. ज्वलनाची उष्णता मोजण्यासाठी ऑक्सिजन भरलेला पोलादी बाँब कॅलरीमापी लागतो, तेथे आकारमान स्थिर असते. तशा यंत्रालाही स्वतःचा वाटा आधी ठरवून घ्यावा लागतो, आणि त्यासाठी शुद्ध बेंझोइक आम्ल जाळतात, ज्याच्या एका ग्रॅमपासून सुमारे २६.४ किलोज्यूल उष्णता मिळते.

मॅग्नेशिअमचा प्रयोग पुस्तिकेत नाही, तो मी जोडला. मॅग्नेशिअम जाळून निघणारी उष्णता या प्याल्यात मोजता येत नाही, पण अभिक्रिया कोणत्याही वाटेने झाली तरी एकूण उष्णता तीच राहते, या हेस यांनी १८४० साली मांडलेल्या नियमानुसार ती वळसा घालून काढता येते. ०.०१ मोल मॅग्नेशिअम १०० मिलिलिटर एक मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात टाकल्यावर तापमान ९.७ अंशांनी वाढले, म्हणजे प्रतिमोल सुमारे ४४८ किलोज्यूल बाहेर पडले. ०.०२ मोल मॅग्नेशिअम ऑक्साइडसाठी वाढ ६.२ अंश, म्हणजे प्रतिमोल १४३ किलोज्यूल. पहिल्या प्रयोगात हायड्रोजन निघतो आणि दुसऱ्यात पाणी तयार होते, म्हणून हायड्रोजनपासून पाणी तयार होण्याची उष्णता प्रतिमोल २८६ किलोज्यूल कोष्टकातून घेतली. ४४८ मध्ये २८६ मिळवून १४३ वजा केले की ५९१ उरतात, आणि कोष्टकात हे मूल्य सुमारे ६०२ आहे. ज्योत न पेटवता ज्वलनाच्या उष्णतेपर्यंत दोन टक्क्यांच्या आत पोहोचता येणे, हे या संचाचे सर्वांत मोठे यश मी मानतो. इतका चांगला प्रयोग पुस्तिकेतून गाळला जावा, याचे आश्चर्य वाटते.

थर्माकोलचे दोन पेले एकात एक ठेवून हेच काम होत नाही का, असा प्रश्न मला अनेकांनी विचारला. केवळ उदासिनीकरण करायचे असेल तर होते, आणि थर्माकोल हलका असल्यामुळे स्वतः फारच थोडी उष्णता घेतो. पण तो कलंडतो, ढवळणीने भोक पडते, आणि त्याचा वाटा इतका लहान असतो की ०.१ अंशाच्या तापमापीने तो मोजताच येत नाही. भांड्याचा वाटा कसा शोधायचा, हे विद्यार्थ्यांना शिकवायचे असेल तर काचेचा प्यालाच हवा.

सत्राच्या अखेरीस धुताना प्याला फुटला. संचात जादा प्याला दिलेला नाही; मागवल्यावर तो वेळेत आला, व्यवस्थित वेष्टनात आला, पण तोलल्यावर जुन्यापेक्षा हलका भरला. निर्मात्याच्या पत्रात तो तंतोतंत पहिल्यासारखाच असल्याचे लिहिले होते. पुन्हा पाणी तापवले, पुन्हा पाच वेळा ओतले, आणि ५३ च्या जागी ४७ आले. आता प्रत्येक नोंदवहीच्या पहिल्या पानावर विद्यार्थी आपल्या नावाखाली प्याल्याचा क्रमांक आणि त्याची उष्माधारकता लिहितात, आणि त्यानंतरच प्रयोगाचे शीर्षक.